बी-विंगमधल्या भाडेकरू मुलाला, जाहीर आभार

चि. बी-२०३,

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुला आवडायचं नाही. खरं तर हे पत्र नोटीस बोर्डावरच लावणार होतो. पण आपल्या सोसायटीत बोर्डावरची फक्त थकबाकीदारांची यादी वाचली जाते, म्हणून इथे लिहितोय.

मी सेक्रेटरी झालो तेव्हा आधीच्यांनी मला किल्ल्यांचा जुडगा, रबरी शिक्का आणि चिठोऱ्यावर लिहिलेला ई-मेलचा पासवर्ड दिला. उघडून बघतो तर न वाचलेले मेल १४,२१६. मी सरकारी कचेरीत ३४ वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. आलेल्या कागदावर संध्याकाळच्या आत नंबर पडला नाही तर जेवण गोड लागायचं नाही. आणि इथे हे! सहा महिने मी त्या आकड्याकडे बघायचंच टाळलं. वरचे चार मेल वाचायचे आणि लॉगआउट.

सप्टेंबरात सीएंचा फोन आला, "काका, ऑडिट रिपोर्टचा मेल परत येतोय, तुमचा डबा भरलाय." फुकटातली १५ जीबी जागा संपली की नवा मेल आत येत नाही, हे मला तेव्हा कळलं. एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस १४ दिवस आधी काढायची. हातात राहिले चार दिवस.

मग मी दारोदार फिरलो. ए-विंगमध्ये आयटीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक सभासद आहेत. ते जूनपासून "काका, वीकेंडला बघतो" म्हणत होते. कुठला वीकेंड, ते तेवढं राहिलं. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने ८०० रुपये घेतले आणि सल्ला दिला, "सगळं उडवा, नवीन आयडी काढा." म्हणजे कन्व्हेयन्सचा (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) सगळा पत्रव्यवहार, लिफ्टच्या कराराची कागदपत्रं, सगळं उडवा! कमिटीतल्या एकाने ग्रुपवर अंगठा दाखवला. तो कशासाठी होता हे मला अजून कळलेलं नाही.

तू मला जिन्यात भेटलास. मी स्वतःशीच पुटपुटत होतो म्हणे. साडेनऊ वाजले होते, तू नुकताच लोकलमधून उतरून आला होतास, पाठीवरची सॅकही काढली नव्हतीस. मीटर रूमशेजारच्या आपल्या त्या कोंदट ऑफिसात तू तसाच येऊन बसलास. मी पासवर्ड टाकायला लागलो तर मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलास.

काय काय केलंस ते सगळं सांगत नाही, मला सांगताही येणार नाही. पण जागा कोणी खाल्ली होती ते कळल्यावर मी हसलो की रडलो कोण जाणे. गेटवरचा कॅमेरा! काही हललं की फोटो काढून सोसायटीच्या आयडीवर पाठवायचा, अशी सोय कुणीतरी २०१९ मध्ये करून ठेवली होती. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी गेटखालून आत येणारं मांजर. २ वाजून १६ मिनिटांनी तेच मांजर बाहेर. अशी हजारो मांजरं. त्याखाली एका माजी सेक्रेटरींच्या मुलीसाठी आलेली स्थळं. मुलीला दोन मुलं झाली तरी स्थळं चालूच!

मांजरं कचऱ्यात टाकूनही जागा मोकळी होईना. कचऱ्यातले मेल ३० दिवस तिथेच पडून राहतात आणि तेही जागा धरतात, हे तूच सांगितलंस. कायमचं पुसायचं बटण मात्र तू मला दाबायला लावलंस. "सोसायटीचं आहे काका, तुम्हीच दाबा."

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

उरलेले मेल आपण खणाखणांत लावत होतो. पाणी, लिफ्ट, ऑडिट, तक्रारी, भाडेकरू. तेवढ्यात फेब्रुवारीतला एक मेल वर आला. विषयाच्या जागी तुझा फ्लॅट नंबर. बॅचलर पोरं रात्री उशिरा येतात, चपला दाराबाहेर काढतात, असली माणसं सोसायटीत नकोत. आणि त्याखाली माझं उत्तर, सही-हुद्द्यासकट: मालकांना सांगून जागा रिकामी करून घेऊ.

पंखा तेवढा कुरकुरत होता. माझा हात माऊसवर, पण बोट हलेना.

तू शांतपणे विचारलंस, "काका, हा तक्रारींत टाकू की भाडेकरूंत?"

मी म्हटलं, "अरे, काढून टाक तो."

"नको. रेकॉर्ड आहे," म्हणालास, आणि 'तक्रारी'त टाकून पुढचा मेल उघडलास. ना टोमणा, ना तोंड वाकडं. सव्वाबारा वाजेपर्यंत बसलास. चहासुद्धा घेतला नाहीस, सकाळी ६.४२ ची गाडी पकडायची होती म्हणून.

बाबा रे, मी आयुष्यभर माणसं बघितली. आपल्याविरुद्धचा कागद हाती लागल्यावर तो फाईलला नीट लावणारा माणूस मला कचेरीत ३४ वर्षांत भेटला नाही. मी स्वतः तसा नव्हतो, हेही इथेच लिहून टाकतो. सभ्यपणा म्हणजे सणासुदीला हात जोडणं, एवढीच आमच्या विंगेची समजूत. जे हात जोडतात त्यांनीच तो मेल लिहिला होता.

ऑडिट रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, नोटीस वेळेत निघाली. भाडेकरूला एजीएमला बसता येत नाही, हा नियम मला बदलता येणार नाही. पण नंतरच्या समोसा-चहाला तू येणार आहेस. कुणी काही म्हणालं तर मी बघतो. चपला बाहेरच काढत जा.

आज सकाळी इनबॉक्समध्ये ११ मेल होते. सगळ्यांवर नंबर पडले. त्यातला एक तुझ्या घरमालकांचा: करार संपतोय, नूतनीकरणासाठी सोसायटीची एनओसी हवी. दुपारीच सही-शिक्का करून ठेवलाय. ऑफिसातून घेऊन जा, नाहीतर मेल करतो. आता जातो.

तुझा,
सेक्रेटरी काका