वंदीला, उत्तर कॅनडातल्या नुनावुतहून

प्रिय वंदे,

काल एका पोरीला विमानात बसवून आले आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. इथल्या लोकांना हे नेहमीचंच. ताईला फोनवर सांगावं तर ती म्हणणार, सरकार बाळंतपणाला विमानाने पाठवतंय, आणखी काय हवं!

तब्येत ठीक. थंडीत गुडघा धरतो, बाकी काही नाही.

तर ती पोर. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, सदतिसावा आठवडा. बीपी, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके, सगळं उत्तम. तरी तिला इकालुइटलाच, म्हणजे इथल्या राजधानीतल्या हॉस्पिटलला जायचं, कारण आमच्या हेल्थ सेंटरमध्ये रक्त नाही, सिझरची सोय नाही आणि डॉक्टर अधूनमधून उतरतो. आई सोबत जाणार होती, पण घरी धाकटी दोन लेकरं, त्यांना बघणार कोण? एकटीच गेली. आता बोर्डिंग होममध्ये टीव्हीसमोर बसून कळांची वाट बघायची. आजीने स्वतः शिवलेला अमाउती, म्हणजे पाठीवर बाळ ठेवायला झोळी असलेला तो कोट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. विमानात सामानाला जागा नव्हती, तर पोरीने ती पिशवी पोटावर धरली आणि बसली.

तू भामरागडला काढलेले पावसाळे आठव. परलकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली, आणि दिवस भरलेली बाई पलीकडच्या काठावर. (आणि तू होडीवाल्याशी घासाघीस करत उभी!) इथे तसं बारा महिने. महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा मुलूख, 2021 च्या जनगणनेत माणसं जेमतेम 37 हजार, गावं 25, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही. विजेसाठी डिझेल, तेही उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने येणार. बहुतेक घरांना पाणी ट्रकने. वादळ सुटलं की ट्रक थांबतो, विमान थांबतं, मग टाकीत असेल तेवढं पाणी आणि कपाटात असतील तेवढी औषधं.

पण वंदे, माझं डोकं खातंय ते हवामान नाही. माणसं टिकत नाहीत. नर्स येतात, काही आठवडे राहतात, जातात. मीसुद्धा करारावरच आहे. प्रत्येक नवीन नर्सला पेशंटने आपली कर्मकहाणी पहिल्यापासून सांगायची. परवा एका म्हातारीला नवीन डॉक्टर व्हिडिओवरून विचारत होता, दुखतंय का? ती भुवया उंचावत होती. इथे भुवया वर म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. त्याला वाटलं, बाईंना ऐकू येत नाही. तो आवाज चढवतोय, म्हातारी भुवया चढवतेय. शेवटी आमच्या दुभाषी बाई पुढे झाल्या आणि दोन मिनिटांत सगळं कळलं, दुखणंही आणि ते कशामुळे हेसुद्धा. गेली कित्येक वर्षं या बाई इथेच आहेत, गावातल्या प्रत्येक घरातलं त्यांना ठाऊक. आणि बाहेरून आलेली म्हणून मला नोकरीबरोबर गरम पाण्याचं घर मिळतं, त्या मात्र दोन खोल्यांत तीन पिढ्या घेऊन राहतात. याचा मला खरोखर संताप येतो.

आपलं हॉस्टेलमधलं भांडण आठवतं? तू म्हणालीस, गावातल्या बायांनाच बाळंतपण करायला शिकवा. मी म्हणाले, रक्तस्राव सुरू झाल्यावर तुझी बाई काय करणार? पाटील सिस्टरनी आपल्याला गप्प केलं नसतं तर मारामारी झाली असती. रक्ताच्या पिशवीचा हट्ट माझा अजून आहे. पण तुझ्या बाजूने एक भक्कम पुरावा इथून जवळच आहे आणि तो तुला द्यायलाच हवा. कॅनडाच्याच क्युबेक प्रांताच्या उत्तरेला, नुनाविकमध्ये, पुविरनितुक नावाचं गाव आहे. तिथल्या बायकाही अशाच बाळंतपणाला दूर दक्षिणेत जायच्या. त्यांनी आग्रह धरला आणि 1986 मध्ये गावातच प्रसूतिगृह सुरू झालं. दक्षिणेतून सुईणी आल्या, त्यांनी इनुइट, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतल्या, बायकांना शिकवलं, काम करता करता, त्यांच्याच भाषेत. मग इनुकजुआक 1998 मध्ये, सालुइट 2004 मध्ये. सिझर तिथेही होत नाही. कुणाला पाठवायचं आणि कुणी गावातच बाळंत व्हायचं, हे प्रत्येक गरोदर बाईची कागदपत्रं समोर ठेवून मिळून ठरवतात, सरसकट सगळ्यांना विमानात कोंबत नाहीत. आणि बहुतेक बाळंतपणं आता तिथेच सुखरूप होतात. 1986! त्याच साली बंग पतिपत्नींनी गडचिरोलीत सर्च ही संस्था सुरू केली. गावातल्या बाया आरोग्यदूत होऊन घरात नवजात बाळं जगवतात हे तू डोळ्यांनी पाहिलंयस, तुला मी काय सांगू?

मग नुनावुतमधल्या माझ्या गावाला हे का नको? इतक्या लहान गावात वर्षाकाठी बाळंतपणं मोजकीच, शिकलेल्या हाताचा सराव राहणार नाही, ही अडचण खरी आहे, मी ती झटकत नाही. पण दोन-तीन गावांत मिळून एक सुईण, सोबत शिकाऊ मुली, आणि त्यांना राहायला घर, एवढं तरी करून बघावं ना. विमानाच्या तिकिटांवर ओततात त्यातला काही पैसा इकडे वळवा.

चिन्मयची दहावी कशी गेली? एटापल्लीची बदली रद्द झाली की नाही? सुमीशी बोलणं सुरू कर गं, किती दिवस धरून बसणार आहात दोघी.

आणि एक काम. तुमच्या पीएचसीतल्या माहेरघराबद्दल, दिवस भरत आलेल्या बायांना आधीच आणून ठेवता त्या खोलीबद्दल, मला सविस्तर लिहून पाठव. बाईबरोबर धाकटी लेकरं राहतात तेव्हा जेवणाचं कसं करता, बुडालेली मजुरी खरंच वेळेवर मिळते का, पूर येण्याआधी कुणाला कधी आणायचं ते कोण ठरवतं. पुढच्या महिन्यात इथल्या हॅम्लेट कौन्सिलपुढे, म्हणजे गावच्या पंचायतीपुढे, मला बोलायचंय, दुभाषी बाईही बरोबर येणार आहेत. फोनवर नको, लिहूनच पाठव, म्हणजे त्यांना वाचून दाखवता येईल.

तुझी,
शैला