बाबा, त्या पोरांना परत पाठवू नका

ह्यूस्टन, 18 जून 2020

प्रिय आई-बाबा,

शालोम.

काल जेमतेम दोन मिनिटं फोन लागला. तेवढ्यात कळलं ते एवढंच की निसर्ग वादळात कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, आणि ठाण्याहून ताडपत्री घेऊन आलेल्या आपल्या बेने इस्रायल ज्यू समाजाच्या पोरांना बाबांनी चहा पाजून वाटेला लावलं. "आमचं भागतंय, ज्यांचं गेलंय त्यांना द्या." मग रेंज गेली. कोरोनामुळे विमानं बंद आहेत, नाहीतर समोर येऊन भांडलो असतो. या पत्राचा फोटो शेजारच्या पोराच्या मोबाईलवर पाठवतोय. बाबा, तो वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

2017 च्या ऑगस्टमध्ये इथे हार्वी वादळ आलं, तेव्हा मी तुम्हाला "मी बरा आहे" एवढंच कळवलं होतं. मेयरलँड म्हणून ज्यू वस्तीचा भाग आहे, ब्रेझ बायूच्या काठचा. बायू म्हणजे आपल्या खाडीसारखा संथ ओढा. तिथल्या कितीतरी घरांत 2015 ला पाणी शिरलं, 2016 ला शिरलं, आणि हार्वीत पुन्हा. मी रविवारी 'नेखामा'च्या टोळीबरोबर जायचो. नेखामा म्हणजे सांत्वन. मिनेसोटातली ज्यू स्वयंसेवकांची संस्था आहे, पूर-वादळ झालं की अवजारांची गाडी घेऊन पोचते. कुठल्याही धर्माचा माणूस तिच्यात कामाला येऊ शकतो, आणि ज्याचं घर साफ करायचं त्याचाही धर्म कुणी विचारत नाही.

इथल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी सांगाडा, त्यावर जिप्समचे तक्ते. पाणी ओसरलं तरी तक्ता ओल वर ओढत राहतो, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. मग पाण्याची रेघ दिसते त्याच्याही वरपर्यंत तक्ता कापायचा, मागचा कापसासारखा भिजका थर उपसायचा, खिळे उपटायचे, सगळं ढकलगाडीने रस्त्याच्या कडेला नेऊन टाकायचं. नाका-तोंडाला मास्क बांधून दिवसभर राबायची सवय मला तेव्हाच लागली. फक्त घरधन्याला विचारल्याशिवाय चमचासुद्धा ढिगात टाकायचा नाही.

एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. आठवडाभर प्रत्येकाला दारातून परत पाठवत होत्या. आधीच्या पुरांत त्यांनी स्वतः लोकांना डबे पोचवले होते, आता आपल्या दारात कुणी आलेलं सोसवत नव्हतं. आमच्या टोळीच्या बाईंनी मदत हा शब्दच काढला नाही. अंगणात घडीची खुर्ची मांडली आणि म्हणाल्या, "आम्हाला तुमचं घर ठाऊक नाही, कुठून सुरू करू ते तुम्ही सांगा." तासाभरात आजी आम्हाला ओरडायला लागल्या. हे असं नका धरू, ते आधी काढा. खालच्या खणात त्यांच्या आईची पाककृतींची वही निघाली, पानं चिकटून पार वडी झालेली. मी उघडायला गेलो तर बाईंनी माझा हात धरला. वही पिशवीत घालून शेजारच्या फ्रीजरमध्ये ठेवली. गोठलं की बुरशी थांबते, पानं मग सवडीने सोडवता येतात.

बाबा, धर्माचे दाखले तुम्हीच देता म्हणून सांगतो. म्हातारा, आजारी, ज्याचं घेतल्यावाचून निभणार नाही, आणि तरी ताठ्याने घेत नाही, त्याला आपल्या धर्मशास्त्राच्या थोर पंडिताने, रामबामने, रक्त सांडणाऱ्याच्या ओळीत बसवलंय. मी नाही बसवलं.

आणि माझं म्हणाल, तर 3 जूनला वारा आपल्या घरावरून जात होता तेव्हा मी इथे स्क्रीनवर ढगांचा भोवरा बघत बसलो होतो. परक्यांच्या भिंती फोडायला मात्र मी हजर होतो.

आई, तुझी केतुबा, लग्नाचा करारनामा, पत्र्याच्या ट्रंकेत होती ना? भिजली असेल तर उन्हात घालू नकोस आणि इस्त्री तर मुळीच नको. वीज नाही म्हणजे फ्रीजरही नाही, तेव्हा माजघरात दोन स्वच्छ पंच्यांमध्ये पसरून ठेव, पंचे बदलत राहा. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत वाडीतलं काही हलवू नका, आधी फोटो काढून घ्या. कलमांपैकी ज्यांची थोडी मुळं अजून मातीत आहेत ती तोडायला देऊ नका. टेकू देऊन उभी करा, जखमेला बोर्डो पेस्ट लावा. वेढा घातलेल्या शहराचंही फळझाड तोडायचं नाही असं तोरात, आपल्या धर्मग्रंथात आहे, आणि आपण तर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात त्या मलिद्याला वाडीतलाच नारळ खवणारे लोक. समुद्राच्या अंगाला या पावसात सुरूची रोपं लावायला हवीत. पोफळी परत धरेपर्यंत पाच-सात वर्षं जातील, ते मलाही कळतं.

ठाण्याच्या पोरांशी मी बोललोय. 21 तारखेला, रविवारी, पुन्हा येतायत. बाबा, तुम्ही ओटीवर खुर्ची टाकून बसा आणि त्यांना ओरडा. फ्लॅटमध्ये वाढलेली पोरं, कौल कसं चढवायचं त्यांना काय ठाऊक. आई, पेज जास्त टाक, सहाजण आहेत.

तुमचा,
बाबू