भागीचं घोडं आणि चौघांचं वीजबिल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या मुलांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. फ्लॅटमेटशी पटत नसेल तर मनमोकळा संवाद साधा, थोडं ॲडजस्ट करा, हेच दिवस पुढे आठवतात, असं त्यात लिहिलंय. लेख चांगलाय, भाषा गोड आहे, पण लेखकांनी शेवटचं चौघांत वीजबिल वाटून घेतलं होतं ते कधी, असा प्रश्न पडला. मी चार वर्षं असा राहतोय, हा तिसरा फ्लॅट, आत्तापर्यंत नऊ जणांबरोबर संसार करून झालाय (आई संसारच म्हणते), आणि मला लेखात जे सापडलं नाही ते एवढंच की एकजण सगळ्यांचे पैसे आधी स्वतःच्या खिशातून भरतो आणि मग वसुलीला फिरतो, तिथे सगळी बोंब आहे. पैसे आधी गोळा करा, खर्च नंतर करा. संवादबिंवाद त्याच्या नंतर.

आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही माझ्या नावावर होतं, कारण फ्लॅट घेतला त्या दिवशी बाकीचे सामान उचलत होते आणि माझ्याकडे पेन होतं. बिल आलं की मी फोटो काढून ग्रुपवर टाकायचो, खाली प्रत्येकाचा हिस्सा लिहायचो. अर्ध्या तासात दोन अंगठे यायचे. अंगठे म्हणजे पैसे नव्हेत हे कळायला मला दोन महिने लागले. एकजण लगेच पाठवायचा, एकजण आठवण केल्यावर पाठवायचा, आणि तिसरा "उद्या टाकतो रे" म्हणायचा. त्याला मी इथे उद्यापंत म्हणतो. उद्यापंत वाईट माणूस अजिबात नाही, मला ताप चढला होता तेव्हा रात्री दोनला औषध आणायला तोच गेला होता, गाणी छान म्हणतो, पण पैसे म्हटले की उद्या. आणि त्याचा उद्या येईपर्यंत पुढचं बिल आलेलं असायचं, मग मागचं आणि पुढचं मिळून आकडा मोठा व्हायचा, मोठा झाला म्हणून द्यायला अजून जड जायचा. म्हणजे मी दर महिन्याला बिनव्याजी कर्ज देत होतो, वर मागितलं की "किती पैसे पैसे करतोस" हे ऐकत होतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी दारात येऊन उभी राहते.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो. मी गुपचूप एक एक्सेल शीट सुरू केली. आधी फक्त बिलं, मग किराणा, मग साबण, फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या, मग हळूहळू तारखेनिशी कोणी भांडी घासली, कोणाचं पातेलं "भिजत घातलंय" या नावाखाली सिंकमध्ये किती दिवस होतं (रेकॉर्ड चार दिवसांचं, वर पांढरी साय धरली होती), हॉलचा दिवा रात्रभर कोणी चालू ठेवला, सगळं. एकदा प्रिंट काढायला लॅपटॉप दुसऱ्याला दिला आणि ती शीट उघडीच राहिली. त्या संध्याकाळी जे झालं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यात ज्याच्याबद्दल एक वाक्यसुद्धा वाईट नव्हतं तोच सगळ्यात जास्त दुखावला. म्हणाला, कचरा रोज खाली कोण नेतं त्याचा कॉलम कुठाय? प्लंबर येणार म्हणून मी दोन लेक्चर बुडवली त्याचा कॉलम कुठाय?

नव्हता. मला खरंच माहीत नव्हतं. कचरा आपोआप जातो असं मी धरून चाललो होतो.

ते थंड झाल्यावर त्यानेच एक गंमत केली. चौघांना चिठ्ठी दिली, या घरातल्या एकूण कामापैकी किती टक्के तू करतोस ते लिही म्हणाला. मी ५० लिहिले. बाकीच्यांचे ४०, ३५ आणि ४५. बेरीज १७०. आणि ४५ वाले कोण तर उद्यापंत! आम्ही हसलो तर तो चिडून म्हणाला, नेट बंद पडलं की कंपनीला फोन लावून तासभर होल्डवर कोण बसतं? तेही खरं होतं. नंतर वाचनात आलं की मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवराबायकोंना साधारण हेच विचारलं होतं आणि तिथेही दोघांच्या टक्केवारीची बेरीज शंभरच्या वर गेली होती. त्यात लबाडी नसते, आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं, बस. त्यामुळे "मीच सगळं करतो" असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर बाकी तिघांनाही तसंच मनापासून वाटतंय हे धरून चाला, मग बोलायला बसा.

आता विजेचं. इथे मी थोडा वहावणार आहे, माफ करा, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आम्ही त्या हॉलच्या दिव्यावरून दोन आठवडे धुसफुसत होतो. शेवटी मी जिन्यात मीटरसमोर जाऊन बसलो. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे तिथेच छापलेलं असतं, आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरात सगळं बंद करायला लावलं तेव्हा तो अधूनमधून आळसावल्यासारखा उघडझाप करत होता, फ्रीज आणि राउटर चालू होते त्यांचं. मग वरून ओरडून बाथरूमचा हीटर लावायला सांगितला आणि तो दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा फडफडायला लागला. हिशोब सोपा आहे, १००० वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट. २००० वॅटचा हीटर अर्ध्या तासात १ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी बल्ब तेच १ युनिट खायला १११ तास घेतो, म्हणजे रोज रात्री आठ तास राहिला तरी जवळपास चौदा रात्री. म्हणजे आमचं दोन आठवड्यांचं भांडण एका युनिटवर चाललं होतं, आणि ते एक युनिट आमच्यातला कुणीतरी हीटर बंद करायला विसरून सकाळच्या अर्ध्या तासात उडवत होता. (तो मी होतो. शीटमध्ये ती नोंद नव्हती.) मोबाइलचं चार्जिंग तर सोडूनच द्या, एका युनिटमध्ये साठेक वेळा फोन भरून होतो, "तुझे दोन फोन आहेत" यावरून भांडणाऱ्यांनी हे भिंतीला चिकटवून ठेवावं. भांडायचंच असेल तर जे पाणी तापवतं, खोली थंड करतं किंवा कपडे सुकवतं त्यावरून भांडा.

दुसरं नेहमीचं रडगाणं, "मी महिनाभर नव्हतोच, मी का देऊ". यात दोन्ही बाजू थोड्या बरोबर असतात. भाडं, इंटरनेट, बिलातला स्थिर आकार हे तुम्ही असा नसा चालूच असतं, ते चौघांत समान. जे वापरावर आहे ते दिवसांवर. समजा ३० दिवसांत तिघं पूर्ण महिना होते आणि एकजण १० दिवसच होता, तर तिघांचे ९० आणि त्याचे १० मिळून १०० दिवस झाले, त्याने वापराचा १० टक्के भाग द्यायचा आणि बाकीच्यांनी ३०-३० टक्के. कॅलेंडरवर टिकमार्क करायचे, विषय संपला. आणि याच पद्धतीत पाहुण्यांचाही निकाल लागतो. कुणाचा मित्र "दोन दिवस" म्हणून येतो आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्याच टॉवेलने तोंड पुसत "तुम्ही लवकर उठता का रोज" असं आपल्यालाच विचारतो, तर तीन रात्रींच्या पुढे त्याचे दिवस ज्याचा पाहुणा त्याच्या खात्यात. हा नियम लावल्यावर आमच्याकडचा पाहुणा दोन दिवसांत गेला, कुणाला काही बोलावं लागलं नाही.

खोल्या लहानमोठ्या असतील तर समान भाडं हा न्याय नाही. दोघंच असाल तर लहानपणी खाऊ वाटायचा तसं करा, एकाने भाड्याचे दोन भाग पाडायचे, मोठ्या खोलीला इतकं, छोटीला इतकं, आणि खोली निवडायची दुसऱ्याने. पाडणारा झक मारत प्रामाणिक राहतो. जास्त जण असतील तरी, काही साध्या अटी धरल्या तर, प्रत्येकाला आपल्या वाट्याची खोलीच बरी वाटेल अशी भाड्याची वाटणी असतेच, हे फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये सिद्ध करून दाखवलंय. मी गणिताचा विद्यार्थी असल्याने मला ते वाचून भरून आलं, फ्लॅटमेट म्हणाले बाल्कनीवाली मला दे मग सिद्ध कर.

तर मूळ मुद्दा. आम्ही शेवटी असं केलं की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाने ठरलेली रक्कम कॉमन फंडात टाकायची, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच. बिलं, किराण्यातलं सामाईक, साफसफाई सगळं त्यातून. उरलं तर पुढच्या महिन्यात. फंडात पैसे नाहीत तर वस्तू येत नाही, कोणीही खिशातून भरायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा का एखाद्या भल्या माणसाने "असू दे मी भरतो" म्हटलं की आपण परत पहिल्या पानावर. दोनदा कचऱ्याच्या पिशव्यांशिवाय चार दिवस काढले, वास आला, तिसऱ्यांदा पैसे तारखेला आले. फंडाच्या बाहेरची देणीघेणी असतील ती महिनाअखेर एकदाच मिटवायची, आणि तीही ह्याने त्याला त्याने ह्याला अशी सहा वेळा नाही, कुणाचं निव्वळ किती येणं किती देणं ते काढलं तर चौघांत जास्तीत जास्त तीन व्यवहारांत सगळं फिटतं. ॲप आहेत, ती हेच करतात. आणि खजिनदार दर दोन महिन्यांनी बदलायचा. दुसऱ्या पाळीला उद्यापंत खजिनदार झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी "उद्या टाकतो" म्हटलं (मीच, मुद्दाम) तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

किराण्यात सामाईक काय आणि खाजगी काय हे मात्र आधी लिहून काढा. फ्रीजमध्ये डब्यावर मार्करने नाव लिहिणं कोतेपणा वाटतो, आम्हालाही वाटला, पण "माझा डबा कोणी संपवला" ही रात्री अकराची बोंब त्याहून वाईट. आपल्याकडे म्हणतातच, भागीचं घोडं किवणानं मेलं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. फ्लॅटमधल्या तव्याची अवस्था बघा, पटेल.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. भाडेकरारावर सगळ्यांच्या सह्या एकत्र असतील आणि सगळे मिळून आणि वेगवेगळेही जबाबदार अशा अर्थाचं कलम त्यात असेल, तर एकजण मध्येच सोडून गेल्यावर मालक त्याचा हिस्सा उरलेल्यांकडून, किंवा एकट्याकडूनसुद्धा मागू शकतो. सही करायच्या आधी ते कलम शोधा. राहायला गेल्या दिवशीच भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा. आमच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये डिपॉझिटमधून जे पैसे कापले गेले ते एका आरशाच्या तड्याचे होते, आणि तो तडा आमच्याही आधीचा होता, पण फोटो कुणाकडे होता?

हेही मान्य करतो की काही लोकांवर फंडाचा उपाय चालत नाही. माझ्या पहिल्या फ्लॅटमधला एकजण आमच्या कपाटातले पैसे घ्यायचा आणि विचारलं की दार आपटून आवाज चढवायचा. तिथे मी सात महिने "संवाद" साधला, चुकलं, दुसऱ्या महिन्यातच घरमालकाला आणि घरच्यांना सांगून बाहेर पडायला हवं होतं. तुमच्या लेखातल्या ॲडजस्ट करा या सल्ल्यावर माझा जो राग आहे तो त्या सात महिन्यांचा आहे हे मला कळतंय, लेखकांनी वैयक्तिक घेऊ नये.

एक विनंती, पत्र छापणार असाल तर ॲडमिशनच्या आधी छापा, सगळ्यांच्या सह्या होऊन गेल्यावर छापून उपयोग नाही. आणि जागेअभावी कापावं लागलं तर मीटरचा भाग ठेवा, उद्यापंतांचा कापा. ते तुमचा पेपर रोज वाचतात, आमच्या सगळ्यांच्या आधी, आणि त्याचं बिल आता फंडातूनच जातं.

आपला,
चौघांतला एक (सध्या खजिनदार नाही)