वाइमेआच्या लाइफगार्डदादांना

दादा,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. त्या दिवशी डोकं जागेवर नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा मनोऱ्यावर तुमची पाळी नव्हती. वयाने तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असाल, तरी दादाच म्हणते. आमच्याकडे अडीअडचणीला धावून येणारा तो दादा. तुमच्याकडेही अनोळखी म्हाताऱ्याला सरळ 'अंकल' म्हणतात, तेव्हा हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

ओळख पटावी म्हणून सांगते. गेल्या डिसेंबरातली सकाळ, हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा तुमचा वाइमेआ. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगात तपकिरी हातविणीचा स्वेटर, वय चौऱ्याहत्तर. ते माझे बाबा. ते पोहायला गेले नव्हते, नुसते पाय भिजवायला गेले होते. वाइमेआचा तळ काठापासूनच एकदम खोल उतरतो, तिथली लाट लांब फुटत नाही, थेट वाळूवर येऊन आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढून नेते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं. तुम्ही भोंग्यावरून सांगत होता, ते वाऱ्यात आम्हाला कळलं नाही. मी मागे वळले तेव्हा स्वेटर दिसत नव्हता. पुन्हा दिसला तेव्हा बाबांच्या काखेखाली तुमचा हात होता.

त्या सकाळी ज्याने आम्हाला सहलीची तिकिटं विकली, त्याला मी मुद्दाम विचारलं होतं की वयस्कर माणूस बरोबर आहे, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर पाणी कसं आहे. त्याने मान वर न करता "ब्यूटिफुल" म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. हिवाळ्यात तिथे समुद्र कसा असतो हे त्या बेटावर राहणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल, असं मी मानायला तयार नाही. आणि किनाऱ्यावर सात-आठ जण होते, फोन समोर धरून. त्यांतल्या एकाने तरी फोन खाली ठेवून मला धरायला हवं होतं.

पण मी पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. जीव वाचवणं हे तुमचं काम आहे असं तुम्हीच म्हणालात, आणि मान झटकलीत. त्याच्यानंतर तुम्ही जे केलंत ते कुणाच्या कामात लिहिलेलं नसतं.

बाबा खोकून खोकून मोकळे झाले होते. नाका-कानात वाळू, चष्मा गेलेला, चपला गेलेल्या. ते उठून चालायला लागले आणि दोन पावलांत थबकले, कारण पुढे पार्किंगपर्यंतची वाट खरखरीत होती आणि त्यांचे तळवे सोलवटलेले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांना मागायची सवय नाही. तुम्ही मागे बघितलंत, मनोऱ्याच्या शिडीखालून तुमच्या स्वतःच्या स्लीपर आणल्यात, काळ्या, टाचेशी झिजलेल्या, आणि बाबांच्या पुढ्यात गुडघा टेकून बसलात. आधी हाताने त्यांच्या तळव्याची वाळू झाडलीत. एक पाय, मग दुसरा. बाबा संकोचून पाय मागे घेत होते. आमच्यात परक्या माणसाने आपल्या पायाला हात लावणं म्हणजे फार मोठी गोष्ट, तुम्हाला कसं कळणार. तुम्ही घोटा धरून ठेवलात आणि म्हणालात, "स्लिपाह्, अंकल." आम्हीही स्लीपरच म्हणतो, दादा. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर माझ्या भावाच्या घरी त्याला वेगळंच काही म्हणतात, तुमच्याकडे मात्र आमचाच शब्द निघाला. इतक्या लांब येऊन कुणीतरी घरचं बोललं असं वाटलं आणि मी तिथे वाळूत बसून रडले.

तुम्ही विचारलंत, कुठून आलात. बाबांनी इंडिया म्हटलं नाही. "कोकण," म्हणाले.

रात्री हॉटेलात बाबा पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. स्लीपर पुढ्यात नीट जोडून ठेवलेल्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या दिवशीपण अनवाणीच होतो."

कोणता दिवस ते मला विचारावं लागलं नाही. १९९३ चा मे महिना, मी बारा वर्षांची. आम्ही सगळे सुट्टीला गावी होतो आणि बाबा आम्हा मुलांना समुद्रावर घेऊन गेले होते. माझा चुलतभाऊ सोळा वर्षांचा होता, दहावीचा निकाल लागायचा होता. तो परत आला नाही. किनाऱ्यावर ना दोरी होती, ना फलक, ना माणूस. होडीवाल्यांनी आपणहून होड्या काढल्या, अंधार पडेपर्यंत शोधलं, त्यांना मी आजही हात जोडते. पण ज्यांचं ते काम होतं त्यांनी काय केलं? बाबांना चौकीवर उभं ठेवलं. पाण्यात उतरलातच कशाला, हा एकच प्रश्न चार वेळा विचारला. अंगावरचे ओले कपडे अंगावरच वाळले. चपला समुद्राने नेलेल्या, आणि मेच्या डांबरी रस्त्यावरून बाबा चौकीपासून दवाखान्यापर्यंत अनवाणी चालत गेले. तळव्यांना फोड आले होते. ते आजीने पाहिले, रात्री, सगळं संपल्यावर. दिवसभर कुणी त्यांच्या पायांकडे बघितलं नव्हतं. कुणी बस म्हटलं नव्हतं.

त्यानंतर तीस-एकतीस वर्षं बाबांनी समुद्राच्या पाण्यात पाय घातला नाही. गावी गेले तरी समुद्राकडे पाठ करून बसायचे. तुमच्या किनाऱ्यावर त्यांनी पहिल्यांदा लेंगा दुमडला, आणि मी अडवलं नाही, कारण मला वाटलं, बरं झालं, सुटले एकदाचे. आता कळेल तुम्हाला, तुम्ही कुणाच्या पायांची वाळू झाडलीत ते.

दुसऱ्या दिवशी स्लीपर परत द्यायला आलो. तुम्ही नव्हतात. तुमचे सोबती म्हणाले, अंकलना ठेवू द्या. मग बाबा किनाऱ्यावरच्या त्या दगडापाशी जाऊन उभे राहिले, तुमचे जुने लाइफगार्ड एडी आयकाऊ यांच्या नावाच्या. आदल्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बोट करून "अंकल एडी" म्हणाला होतात. ते १९७८ मध्ये गेले, तुमचा जन्मही तेव्हा झाला नसेल. तरी तुम्ही शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोललात. मी परत आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. तुम्हाला सगळं पाठ आहे, पण हे पत्र माझी माणसंही वाचणार आहेत, त्यांच्यासाठी लिहिते.

माऊई बेटावर १९४६ मध्ये जन्म. मग कुटुंब ओआहूला आलं आणि होनोलुलूतल्या पाउओआच्या खोऱ्यात एका चिनी कब्रस्तानाची देखभाल करत तिथेच राहिलं. पोरगा शाळा सोडून अननसाच्या कारखान्यात लागला, लाटांवर वाढला. १९६८ मध्ये उत्तर किनाऱ्यावर पहिल्यांदा लाइफगार्ड नेमले, त्यांत एडी होते. वाइमेआ त्यांची. त्यांनी पाचशेहून जास्त माणसं बाहेर काढली असं सांगतात, आणि त्यांच्या पाळीत तिथे एकही जीव गेला नाही. तीस फुटांची लाट असली तरी आत जायचे. सर्फिंगमधली ड्यूक कहानामोकूंच्या नावाची मानाची स्पर्धा त्यांनी १९७७ मध्ये जिंकली. चँपियन होते, पण तुमच्या लोकांच्या तोंडी आधी येतं ते लाइफगार्ड, मग चँपियन. हा क्रम मला फार आवडला.

आणखी एक गोष्ट वाचली. १९७६ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या तरुण सर्फरांनी आपणच कसे श्रेष्ठ हे छापून सांगितलं होतं, आणि स्थानिक पोरं इतकी भडकली होती की मारामाऱ्या झाल्या, त्या परक्या मुलांना जिवाची भीती वाटू लागली. अपमान एडींच्याच माणसांचा झालेला. तरी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवून भांडण मिटवायला पुढे झाले ते एडीच. पाण्यात बुडणाऱ्याला काढणं वेगळं आणि आपल्या लोकांच्या रागापुढे परक्यासाठी उभं राहणं वेगळं. दुसरं मला जास्त अवघड वाटतं.

आणि मग होकुलेआ. तुमच्या पूर्वजांच्या पद्धतीची दोन सांगाड्यांची शिडाची होडी, जी १९७६ मध्ये होकायंत्राशिवाय, चांदण्यांच्या आधाराने ताहितीपर्यंत गेली होती. १६ मार्च १९७८ ला ती पुन्हा निघाली, एडी तिच्यावर होते. पहिल्याच रात्री मोलोकाई बेटाजवळच्या खवळलेल्या पाण्यात ती उलटली. सोळा जण उलट्या होडीला धरून. सकाळी एडी आपला सर्फबोर्ड घेऊन निघाले, लानाई बेटाकडे, कित्येक मैल, मदत आणायला. बरोबर काही संत्री. पोहण्यात अडथळा येतो म्हणून लाइफजॅकेटही काढून टाकलं असं सोबतचे सांगतात. बाकीचे सगळे त्याच संध्याकाळी वाचले, एका विमानाला त्यांचा उजेड दिसला. एडींचा शोध खूप दिवस चालला. ते मिळाले नाहीत. वय एकतीस.

तुमच्या गाड्यांच्या मागे चिकटवलेलं असतं ना, 'एडी वुड गो', ते बाबांनी पार्किंगमध्ये वाचलं आणि मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "एडी गेला असता." म्हणजे दुसरं कुणी पाण्यात उतरणार नाही तेव्हासुद्धा एडी उतरला असता. बाबा गप्प झाले. आमच्या भाषेत गेला म्हणजे निघाला, आणि गेला म्हणजे वारलाही. एकच शब्द. माझा चुलतभाऊ गेला. एडी गेला. बाबांनी त्या दगडापुढे चपला, म्हणजे तुमच्याच स्लीपर, काढून ठेवल्या आणि देवळात करतात तसा नमस्कार केला. झाडाखाली बसलेल्या एक आजीबाई हे बघत होत्या. त्या उठून आल्या, बाबांना काही न विचारता मिठी मारली, आणि डब्यातल्या पपईच्या फोडी पुढे केल्या. बाबा परक्याच्या हातचं सहसा खात नाहीत. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या.

एडींच्या नावाची स्पर्धाही मी समजून घेतली. लाटांचा पुढचा भाग चाळीस फुटांपर्यंत चढला तरच ती होते, नाहीतर त्या वर्षी नाहीच. म्हणून २०२४ पर्यंतच्या इतक्या वर्षांत ती फक्त अकरा वेळा झाली. तारीख माणसं ठरवत नाहीत, समुद्र ठरवतो. आणि २०२३ च्या जानेवारीत ती जिंकली ल्यूक शेपर्डसन यांनी, जे त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर लाइफगार्ड म्हणून ड्यूटीवर होते. मधल्या सुट्टीत लाटांवर गेले, आणि परत मनोऱ्यावर येऊन बसले. हे वाचताना मला तुमच्या शिडीखालच्या स्लीपर डोळ्यांसमोर आल्या.

एका माणसाची आठवण सगळ्या किनाऱ्याने अशी अंगात भिनवून घ्यायची, की पन्नास वर्षांनी येणारा पोरगाही त्याच्यासारखं वागायला बघतो. आमच्याकडेही माणसं आहेत. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत आणि कोकणात आजही कुणी बुडताना दिसलं की आधी धावतो तो मासेमारी करणारा पोरगाच. पण त्यांची नावं आम्ही दगडावर कोरत नाही. १९९३ ला होड्या काढणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. हे मला तुमच्या किनाऱ्यावर उभं राहून पहिल्यांदा टोचलं. या मे महिन्यात बाबा आणि मी त्या गावी गेलो. दोघे भेटले, आता म्हातारे आहेत. बाबांनी त्यांची नावं वहीत लिहून घेतली.

स्लीपर बाबांच्या पायात आहेत. तुमचा नंबर अकरा, त्यांचा आठ, त्यामुळे दूध आणायला निघाले की जिन्यातून फटक फटक आवाज येतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना कळतं कोण आलं. उजव्या पायाचा पट्टा तुटला होता. मी नवीन घेऊ म्हटलं तर ऐकलं नाही, चांभाराकडून शिवून आणला.

तुमची तुम्हाला परत द्यायची त्यांची तयारी नाही, म्हणून दुसरा जोड पाठवत आहोत. कोल्हापुरी आहे, नंबर अकरा. मनोऱ्याच्या पत्त्यावर येईल, तुमच्या सोबत्यांना सांगून ठेवा. सुरुवातीला थोडी चावते, म्हणून बाबांनी आठवडाभर रोज रात्री तेल लावून मऊ केली आहे. फक्त समुद्राच्या पाण्यात नेऊ नका, कातडं आहे. शिडीखाली ठेवा.

तुमची,
कोकणातल्या अंकलची मुलगी