मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

नाशिक, ५ सप्टेंबर

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी द्वारका चौकात गाडीत चढताना तू म्हणालीस, "बाबा, हे तुमच्या घराण्यातून आलंय आणि माझ्यापाशीच संपणार. मी मूल होऊ देणार नाही." मी पिशवी हातात देऊन गप्प उभा राहिलो. तुला वाटलं असेल, बाबांकडे उत्तर नाही. उत्तर आहे, पण ते आकड्यांसकट द्यावं लागतं, रस्त्यात उभं राहून देता येत नाही. म्हणून लिहितो. शिफ्टबद्दल आणि झोपेबद्दल यात काही लिहायचं नाही, असं आईला कबूल केलंय.

हे, म्हणजे तुझा बायपोलर आजार, आलंय ते आपल्या घरातून, खरं आहे. सुमनआत्या महिनाभर अंगण सारवत, रात्री बेरात्री भांडी घासत, गात असायची, त्याला अण्णा 'डोक्यात गरमी' म्हणायचे. मग ती दोन-दोन महिने माजघरातून उठायची नाही, त्याला 'आळस'. दोन्ही मिळून एकच आजार, हे कुणी म्हटलं नाही. आज मला शंका नाही.

पण 'आलंय' याचा अर्थ तू लावतेस तसा नाही. पेठ-सुरगाण्याकडचे सिकल सेल या रक्ताच्या आजाराचे नमुने आमच्या लॅबमध्ये यायचे. तिथे एकाच जनुकातला एकच दोष असतो. तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला की आजार ठरलेला. बायपोलरचं असं एक जनुक नाही. शोधलं मात्र खूप. १९८७ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या आमिश लोकांमधल्या एका मोठ्या कुटुंबावरून अकराव्या गुणसूत्रावर ते सापडल्याचं छापून आलं, जगभर गाजलं. १९८९ मध्ये त्याच कुटुंबातली आणखी माणसं तपासली, आधी निरोगी धरलेल्यांपैकी काही जण मधल्या काळात आजारी पडले होते, आणि सगळा हिशेब कोसळला. आता २०२५ मध्ये दीड लाखाहून जास्त रुग्णांची जनुकं निरोगी माणसांशी ताडून पाहिली, तेव्हा धोक्याशी जोडलेल्या २९८ जागा मिळाल्या. एकेका जागेचा वाटा नखाएवढा. त्यातल्या कितीतरी माझ्यात असतील, कितीतरी तुझ्या आईत, आणि आम्हा दोघांना कधी काही झालं नाही.

गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती आठव, पुराचं पाणी ज्याच्यावरून मोजतात तो. त्याच्या कमरेला पाणी लागलं ते कुठलं, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? त्र्यंबकचा पाऊस, काश्यपी-गौतमीचं पाणी, वर धरणातून सोडलेला विसर्ग. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तू दर अर्ध्या तासानं विचारायचीस, "आता छातीला आलं का?" घरी जायला तयारच नव्हतीस. शेवटी भिजलेल्या फ्रॉकवर माझा शर्ट घालून आणलं तुला. असो. जनुकांमुळे तुझी नदी मुळातच थोडी वरून वाहते. पूर येतो तो त्यावर विसर्ग सुटतो तेव्हा. जागरणं, मोठा ताण, गांजा, स्टिरॉइडच्या गोळ्या, बाळंतपण, हे सगळे विसर्ग. त्यातला पहिला... नको. पुढे जातो.

आकडे. सर्वसाधारण लोकांत शंभरात साधारण एकाला बायपोलर होतो. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये शंभरात पाच ते दहा. म्हणजे धोका कितीतरी पटींनी वाढला हे खरं, आणि शंभरातल्या नव्वदांना बायपोलर होत नाही हेही तितकंच खरं. डिप्रेशनचा धोका त्या मुलांना जास्त राहतो, तेही सांगून ठेवतो. एकसारख्या जुळ्यांत जनुकं जवळजवळ हुबेहूब असतात. तरी एकाला असेल तेव्हा दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात चाळीस ते सत्तर येतं, शंभर कधीच नाही. तू कुठेतरी 'सत्तर-ऐंशी टक्के आनुवंशिक' वाचलंस आणि घाबरलीस. तो आकडा एका माणसाचा धोका सांगत नाही. लोकसमूहात कुणाला होतो, कुणाला नाही, या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकामुळे, एवढंच तो सांगतो. तुझ्या मुलाला होण्याची शक्यता सत्तर टक्के, असं त्यातून काढणं साफ चूक.

आणखी एक, जे मी तुझ्या आईलाही बोललो नाही. तू झालीस तेव्हा मी चव्वेचाळीसचा होतो. बापाचं वय वाढतं तसे शुक्राणूंमध्ये नवे बदल साठत जातात, आणि उतारवयातल्या बापाच्या मुलांमध्ये या आजाराचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसतं. रात्री हेच डोक्यात येतं. तरी तू उशिरा झालीस याचं दुःख मला एक दिवसही झालेलं नाही.

ऑनलाइन थुंकी पाठवून करायची ती टेस्ट मागवू नकोस. या २९८ जागांची बेरीज करून धोक्याचा गुण काढता येतो, पण तो एका माणसाबद्दल फार थोडं सांगतो. शिवाय आजवरचे बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, आपल्याला तो गुण आणखीच कमी लागू पडतो. जनुकाची एकच तपासणी तुझ्या उपयोगाची आहे. कधी कार्बामाझेपिन द्यायचं ठरलं तर आधी एचएलए-बी*१५०२ तपासून घ्यायला सांग. आशियाई लोकांत हा प्रकार जास्त सापडतो, आणि तो असेल तर त्या औषधानं कातडी सोलून निघणारी भयंकर रिअॅक्शन येऊ शकते.

बाकी सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट असते, डॉक्टर विचारतात ती: घरात कुणाला होतं का? पहिल्या वर्षी, तू नुसती उदास होतीस तेव्हा, त्या डॉक्टरांनी मला हे विचारलं होतं. मी 'नाही' म्हणालो. बायपोलरमधलं डिप्रेशन आणि साधं डिप्रेशन समोरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो आधीच्या तेजीच्या काळावरून आणि घरच्या इतिहासावरून. मी लपवलं, तुला नुसती डिप्रेशनची गोळी सुरू झाली, आणि मूड सांभाळणाऱ्या औषधाची जोड नसेल तर ती गोळी माणसाला मेनियात, म्हणजे अनावर तेजीत, ढकलू शकते. मे महिन्यात जे झालं त्यात माझं ते 'नाही' आहे. तुझ्या जनुकांपेक्षा मला त्याचं जास्त वाटतं. नव्या डॉक्टरांना मी आत्याचं, अण्णांच्या चुलतभावाचं, सगळं लिहून दिलंय.

मेंदूत काय बिघडतं तेही विचारलं होतंस. सापडलेल्या जनुकांतलं एक, सीएसीएनए१सी, पेशीच्या आवरणात कॅल्शियम आत सोडणारं दार बनवतं. दुसरं, एएनके३, मज्जातंतूत जिथून संदेश सुटतो तिथे सोडियमची दारं जागच्या जागी धरून ठेवतं. दारं थोडी जास्त वेळ उघडी राहिली, थोडी सरकली, तर पेशी उत्तेजित होण्याचा तोल बदलतो. २०२२ मध्ये एकेएपी११ नावाच्या जनुकातले दुर्मीळ बदल सापडले. त्याचं प्रथिन जीएसके-३ या एन्झाइमशी बांधलेलं असतं, आणि लिथियम नेमकं त्याच एन्झाइमला आवर घालतं. ऑस्ट्रेलियात जॉन केडनं १९४९ मध्ये मेनियाच्या रुग्णांना लिथियम दिल्याचं छापलं तेव्हा यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांनी जनुकांकडून निघालेली वाट त्याच गोळीपाशी आली. मला याचा फार धीर वाटतो.

आणि मेंदूत एक घड्याळ आहे. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहून लहान. उजेड बघून ते शरीराची वेळ लावतं: झोप, तापमान, कॉर्टिसॉल. बायपोलरमध्ये हे घड्याळ लवकर हलतं. दोन रात्री झोप बुडाली की बाकीच्यांना डुलक्या येतात. तुझ्यासारख्याला उलट तरतरी येते, तरतरीमुळे झोप आणखी कमी होते, आणि चक्र सुरू होतं. अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट म्हणजे पहाटे चारला डोळ्यांवर ट्यूबलाइट. मे महिन्याआधीचे तुझे मेसेज मी परत पाहिले. तीन वाजून दहा, तीन चाळीस, चार पाच. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. रागावू नकोस. डॉक्टरांचं पत्र घेऊन दिवसाची शिफ्ट माग, एवढंच म्हणतो. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, 'रात्रपाळी टाळावी' एवढं पुरतं.

आता गोळीचं. लिथियम हा सोडियमच्या जवळचा क्षार, मूत्रपिंडाला दोघांत फारसा फरक कळत नाही. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही, आणि गोळी तेवढीच असून रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. म्हणून नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास यंदा नकोत. आईनं सप्तशृंगी गडाचा नवस बोललाय, तो ती फेडेल. तू आलीस तर पोटभर जेवून, पाण्याची बाटली घेऊन पायऱ्या चढायच्या. डोकं दुखलं, पाळीत पोट दुखलं, तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, त्यानंही लेव्हल वाढते. पॅरासिटामॉल चालतं. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन. हात नेहमीच्या बारीक कंपापेक्षा जोरात थरथरले, जीभ जड झाली, चालताना तोल गेला, तर त्याच तासाला दवाखाना. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाही.

लेव्हल ०.६ ते ०.८ च्या आसपास राहिली की मी शांत. १.५ च्या वर विषबाधा धरायची. रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. साडेनऊला गोळी, तर सकाळी साडेनऊला सुई. घाई करून साडेसातला दिलंस तर आकडा उगाच जास्त येईल आणि डॉक्टर डोस कमी करतील. डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी परत. शिवाय दर सहा महिन्यांनी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम. नळी फिरवून काढली की खाली काळपट लाल गोळा बसतो आणि वर फिकट पिवळं, स्वच्छ सीरम उरतं. त्या इतक्याशा पाण्यावर तुझा पुढचा महिना ठरतो, त्यामुळे वेळेत चूक नको. रात्रपाळीत गोळीची वेळ रोज सरकते आणि बारा तासांचा हिशेबच राहत नाही. हे शिफ्टचं नाही, लेव्हलचं म्हणून सांगतोय.

स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजल्या त्याबद्दल माफी मागतो. तू खोली आवरत असताना मी उशीखालची स्ट्रिप काढून मोजत उभा होतो, हे तुला दिसायला नको होतं, आणि मी ते करायलाही नको होतं. पण सात घरं रिकामी हवी होती, पाचच होती. बरं वाटतंय म्हणून थांबवावं वाटलं तर एकदम थांबवू नकोस. लिथियम अचानक सोडलं की मेनिया उलटू शकतो. हळूहळू काही आठवड्यांत उतरवावं लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवलं तरच.

मुलाचं तू ठरव. आम्ही काही बोलणार नाही. फक्त भीतीपोटी ठरवू नकोस. तुझ्याच जवळ संपवायचं असं जे म्हणालीस, ते आकड्यांत बसत नाही. कधी ठरवलंस तर डॉक्टरांना काही महिने आधी सांगायचं. व्हॅल्प्रोएट हे मूड सांभाळणारं दुसरं औषध गर्भाला घातक आहे, शंभरातल्या साधारण दहा बाळांत मोठं व्यंग येतं, शिवाय पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. मूल होऊ शकेल अशा वयात ते टाळलेलंच बरं, हे आत्ताच विचारून ठेव. लिथियमचा विचार वेगळा, डोस आणि महिने पाहून ठरतो. आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. तेव्हा रात्री बाळाला आम्ही घेऊ, तू झोपायचंस. बघ, परत तिथेच आलो.

तू तिसऱ्या आठवड्यात उठून स्वतः डॉक्टरांकडे गेलीस, चार पानं लिहून नेलीस, तारखांसकट. मेनियातून नुकतं बाहेर आलेलं माणूस हे करू शकतं, असं मी पाहिलं नव्हतं. सुमनआत्याला हे कुणी करू दिलं नाही. मी तेव्हा अकरावीत होतो, मला काही कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी बोललो असतो की नाही, ठाऊक नाही.

कोजागरीला ये. गच्चीवर दूध आटवू, पण चंद्र माथ्यावर यायची वाट बघायची नाही, दहाला खाली यायचं. सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप झाली आणि तरी सकाळी छान वाटलं, तर मला नाही, डॉक्टरांना फोन कर. मला नंतर सांगितलंस तरी चालेल.

आई पोह्यांचा चिवडा पाठवतेय. मीठ नेहमीएवढंच घातलंय, मीच सांगितलं.

तुझा,
बाबा

ता. क. शुक्रवारी रक्त देताना नळीचं झाकण बघ. लाल किंवा पिवळं चालेल. हिरव्या झाकणाच्या नळीत बऱ्याचदा लिथियम हेपॅरिन असतं, म्हणजे नळीतलंच लिथियम तुझ्या रक्तात मोजलं जाईल. हिरवी काढली तर हात मागे घे आणि दुसरी माग. संकोच करू नकोस.