ऑनलाइन समुपदेशनासाठी बंद दाराची एक खोली हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नारायण पेठेत गेली एकोणीस वर्षे मी अभ्यासिका चालवते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेली मुले-मुली येथे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसतात. त्यांतील बहुतेक जण आसपास कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत चौघे-पाच जण, राहतात. मनावरचे उपचार आता मोबाइलवर मिळू लागले आहेत, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र ते उपचार घेणारा माणूस त्या वेळी नेमका कोठे बसलेला असतो, याचा विचार झालेला माझ्या वाचनात आला नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या जूनमध्ये एका रात्री साडेनऊच्या सुमारास मी गच्चीचे दार लावायला निघाले, तेव्हा वरच्या जिन्यावर आमच्याकडची एक मुलगी बसली होती. डोक्यावरून ओढणी, तिच्याआड कानातले इअरफोन, आणि गुडघ्यांना टेकवून उभा केलेला मोबाइल. खालून कोणाची चाहूल लागली की ती बोलता बोलता थांबायची आणि नुसते ‘हो, हो’ म्हणत राहायची. मला पाहताच तिने मोबाइल पालथा केला आणि म्हणाली, ‘‘काकू, वीस मिनिटं जिन्यातला दिवा बंद ठेवाल का?’’ ती आठवड्यातून एकदा ऑनलाइन समुपदेशन घेत होती, त्यासाठी मेसचा एक वेळचा डबा तिने बंद केला होता, आणि पाऊण तासाच्या त्या भेटीतला निम्मा वेळ जिन्यावरून कोण येते-जाते हे पाहण्यात जात होता. हे तिनेच मला नंतर सांगितले.

ऑनलाइन सोयीला कमी लेखावे, असा माझा हेतू मुळीच नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६मध्ये देशातील १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसून आले होते. दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहील, गावी कळेल, लग्न जमणार नाही, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक आहे आणि ती मी रोज पाहते. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि डॉक्टरांना दुरून तपासण्याची स्पष्ट चौकट मिळाली. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आमच्या फळ्यावर हा क्रमांक मी खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवला आहे. परभणीच्या मुलाला पुण्यातल्या खोलीतून आपल्या बोलीत कोणाशी तरी बोलता यावे, ही सोय आमच्या पिढीला नव्हती.

अंतर मिटले हे खरे, पण आडोसा मिळाला नाही. समुपदेशकाच्या दवाखान्यात आपण पैसे मोजतो ते त्याच्या ज्ञानाचे, असे आपल्याला वाटते. त्यात बंद दाराचाही वाटा असतो. समुपदेशन ऑनलाइन झाले तेव्हा ते दार पुरवण्याची जबाबदारी नकळत उपचार घेणाऱ्यावर येऊन पडली, आणि ज्याला स्वतःची खोली आहे त्यालाच ती पेलते. दोन खोल्यांच्या घरात सासूसमोर बसलेल्या सुनेची अडचणही हीच आहे.

रात्री उशिरा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपशी मन मोकळे करणारी मुले माझ्या ओळखीची आहेत. त्यांना कारण विचारले तर ती म्हणतात, ‘‘टाइप केलेलं शेजारच्या कॉटवर ऐकू जात नाही.’’ यंत्र चांगले की माणूस, हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच. जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञाने १९६६च्या सुमारास ‘एलायझा’ नावाचा संवाद साधणारा प्रोग्रॅम तयार केला. त्याची घडण डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाई त्याच्याशी चार वाक्ये बोलल्यावर वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागल्या, असे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. यंत्राशी बोलतानाही माणसाला एकांत लागतो.

शिवाय यंत्राला सांगितलेले पुढे कोठे जाते, हा प्रश्न उरतोच. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला असून डिजिटल स्वरूपातल्या नोंदीही त्यात येतात. पण ती गोपनीयता पाळण्याचे बंधन आरोग्य ‘व्यावसायिकां’वर आहे, आणि गप्पा मारणारे एखादे ॲप त्या कायद्याच्या व्याख्येतले ‘व्यावसायिक’ नव्हे. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना पुरवल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले.

आमच्याच एका मुलाने समाजमाध्यमावर ‘थेरपिस्ट’ म्हणवणाऱ्या एका व्यक्तीला आठ भेटींचे पैसे आगाऊ भरले. तिसऱ्या भेटीनंतर फोन उचलणे बंद झाले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक मागण्यात उद्धटपणा नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आता मी प्रत्येकाला सांगते.

त्या जूननंतर आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या रद्दीची खोली रिकामी केली. आठ फूट बाय सहा फूट. दोन खुर्च्या, एक टेबल, पंखा, पाण्याचा तांब्या. भिंतीला जुन्या गोधड्या लावल्या, त्यामुळे आवाज बाहेर कमी येतो. वहीत फक्त वेळ लिहायची, नाव नाही. ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी दोन गोष्टी सुचवल्या: प्रसंग ओढवलाच तर बाहेरूनही उघडेल असे कुलूप असावे, आणि बोलणे सुरू करण्यापूर्वी आपण कोठे बसलो आहोत तो पत्ता व जवळच्या एका व्यक्तीचा क्रमांक समुपदेशकाला द्यावा. म्हणून अभ्यासिकेचा पूर्ण पत्ता दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावला आहे. खर्च कुलपाचा आणि रंगाचा. परीक्षेचा निकाल लागला की त्या आठवड्यात वहीचे पान पुरत नाही.

पुणे महापालिकेच्या स्वतःच्या अभ्यासिका आहेत, वाचनालये आहेत, दवाखाने आहेत. त्यांतील प्रत्येक ठिकाणी अशी एक खोली दिवसातून काही तास राखून ठेवावी, अशी माझी आयुक्तांना विनंती आहे. तेथे समुपदेशक नेमण्याची मागणी मी आज करत नाही. समुपदेशक मुलांनी शोधले आहेत, काहींना १४४१६वर मिळाले आहेत. खासगी अभ्यासिका चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे की एका खोलीमुळे चार टेबलांची जागा जाते, महिन्याचे तेवढे उत्पन्न बुडते, आणि मी ते गेले काही महिने सोसते आहे. कोणाला आमची खोली पाहायची असल्यास जरूर यावे. फक्त दुपारी दोन ते चार या वेळेत यावे, कारण त्यानंतर ती रिकामी नसते.

आपली नम्र,
एक अभ्यासिकाचालक, नारायण पेठ, पुणे