तुझी खिडकी

पुणे,
१४ जुलै

प्रिय बंड्या,

काकू गेल्या तेव्हा आलो नाही, साधा फोनही केला नाही, आणि आता एकदम पत्र. आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. तब्येत बरी आहे, साखर काठावर.

मंगळवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "बरं, मग?"

आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली आहे. मातीतून काढलेला ऱ्होडोकॉकस नावाचा जिवाणू घेऊन बसते. अ‍ॅक्रिलोनायट्रिलचं अ‍ॅक्रिलामाइड करतो का, एवढंच बघायचं. सोमवारी झकास चालला. रात्री तिने पेशी फॉइलमध्ये नीट गुंडाळून ठेवल्या, सकाळी बघते तर ॲक्टिव्हिटी शून्याला टेकलेली. मी तोंड उघडलं, "कालचे आकडे खरे आहेत ना गं?" पोरगी गप्प. दुपारी तीच नळी बर्फात बुडवून खिडकीत उभी होती. सहज पुन्हा लावली, तर गडी चालू!

वाक्य ओळखीचं वाटलं ना? २००१ साली तुला म्हणालो होतो. तेही सरांसमोर.

अरे, हे काम करणारं एन्झाइम म्हणजे लोहवालं नायट्राइल हायड्रेटेज. अंधारात त्याच्या लोहाला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि कुलूप लागतं. उजेड पडला की सुटतो. इतकी वर्षं मी याच धंद्यात, पण सगळी गेली जे-वन नावाच्या जिवाणूबरोबर. तो कोबाल्टवाला, त्याला दिवसरात्र सारखीच. (त्याला एन्झाइम करायला लावायचं तर कोबाल्टबरोबर युरिया घालतात. म्हणजे गिऱ्हाइकांशी भांडत गोण्या विकताना तूही याच लाइनीत आहेस.) जपानच्या एका कारखान्यात १९९१ साली तो अ‍ॅक्रिलामाइड काढायला लागला, तेही थंडगार टाकीत. जुन्या तांब्याच्या पद्धतीला शंभरेक अंश तापवावं लागायचं. पण १९८५ साली तो कारखाना सुरू झाला तो एन-७७४ या जिवाणूवर, आणि तो लोहवाला! उजेडाची भानगड आपण एम.एस्सी. करत होतो तेव्हा छापून आलेली होती. लायब्ररीत मी रोज बसायचो, ते कशाला ते तुला माहीत आहे.

आता आठव. भोसरीच्या नाल्याची माती, नाकाला रुमाल, परतताना पीएमटीत लोक आपल्यापासून लांब सरकलेले. अ‍ॅसिटोनायट्रिलवर वाढवलेला तो गुलाबीसर किडा. एकच कल्चर, एकच मीडिया. किड्याने काम केलं की अमोनिया सुटतो, तो बघायला फिनॉल आणि हायपोक्लोराइट घातलं की तुझी नळी शाईसारखी निळी, माझी पाण्यासारखी. तीन वेळा. तुझा बेंच पश्चिमेच्या खिडकीत, माझा कपाटाच्या आड, आणि माझे फ्लास्क फॉइलमध्ये. शिस्त म्हणून! तू मला 'डबा पॅक करणारी मावशी' म्हणायचास.

मला वाटलं, तू वरून अमोनिया टाकतोस. वाटलं तर वाटलं, बोललो कशाला? सरांनी तुझं पान बाजूला ठेवलं आणि तू तो विषयच सोडलास. नंतर कराडला गेलास ते अण्णांच्या आजारपणामुळे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरंच त्यामुळेच ना? तीन रात्री हेच चाललंय. तू 'जाऊ दे रे' म्हणशील, आणि त्याचीच मला भीती वाटते.

बरं, आपला किडा तसलाच होता हे सिद्धही करता येत नाही. तुझ्या अक्षरात 'बी-७' लिहिलेल्या प्लेटा, स्लँट, सगळं मीच ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून मारलं. 'बोगस कल्चर कशाला सांभाळायचं?' असं म्हणून. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, इट्स ओके," आणि नळी परत खिडकीत ठेवली.

चिंगीला बारावीत चांगले मार्क पडले म्हणे, पेढे हवेत. दुकानाचं पत्र्याचं काम झालं का? वहिनींना नमस्कार.

सर हल्ली बाणेरला असतात, ऐकायला कमी येतं. रविवारी जाऊन सांगायचं म्हणतोय. तू येशील? सकाळच्या गाडीने ये, स्वारगेटला घ्यायला येतो. ओरडून सांगावं लागेल, तेव्हा दोघं असलेलं बरं.

आणि खिडकीच्या बेंचसाठी नाणं तूच उडवलं होतंस. छाप की काटा, मला दाखवलं नव्हतंस. ती तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही.

तुझा,
मावशी